वेंधळ्या ल्युसीमागची करारी ल्युसिल

नवऱ्याच्या कार्यक्रमात आपल्यालाही संधी मिळावी म्हणून नाना खटपटी करणारी आणि दर वेळी फजित होणारी वेंधळी गृहिणी ल्युसी रिकार्डो १९५१ मध्ये अमेरिकेच्या छोट्या पडद्यावर अवतरली आणि घराघरांत लाडकी झाली. ही भूमिका अजरामर करणारी ल्युसिल बॉल प्रत्यक्षात मात्र विलक्षण करारी आणि व्यवहारदक्ष होती.

६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन येथे तिचा जन्म झाला. ती अवघ्या तीन वर्षांची असताना विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. किशोरवयात ती न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत दाखल झाली. परंतु फार बुजरी असल्याचे कारण देत तिला घरी पाठविण्यात आले. पुढे मॉडेलिंग करीत १९३३ मध्ये ती हॉलिवूडला पोहोचली. मोठ्या नायिकेचे स्थान मात्र तिला कधीच लाभले नाही. दुय्यम दर्जाच्या चित्रपटांची राणी, एवढीच तिची ख्याती होती.

१९४० मध्ये तिने क्युबात जन्मलेल्या देसी अर्नाझ या वाद्यवृंदप्रमुखाशी विवाह केला. सीबीएस वाहिनीने मालिकेचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा पतीची भूमिका देसीनेच करावी, असा आग्रह तिने धरला. अमेरिकी गृहिणीचा क्युबन नवरा प्रेक्षक स्वीकारतील का, अशी शंका वाहिनीला होती. तेव्हा या दाम्पत्याने गावोगावी रंगमंचीय प्रयोग करून प्रेक्षकांची पसंती सिद्ध केली. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली.

त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत व हवेत विरून जात. ही मालिका प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली. वाढत्या खर्चापोटी दोघांनी मानधनात कपात स्वीकारली आणि मोबदल्यात भागांची मालकी मिळविली. पुनःप्रक्षेपणाचे मोल कुणाला उमगले नव्हते, तेव्हा झालेला हा सौदा त्यांच्या ‘देसिलू’ कंपनीचा पाया ठरला. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटे तोंडात कोंबणारी ल्युसी पुढच्या पिढ्यांना पाहता आली, तीही या फिल्ममुळेच.

गरोदर अभिनेत्रीला पडद्यावर आणणे तेव्हा धाडसाचे होते; वाहिनीने गरोदर हा शब्दही वर्ज्य ठरविला होता. तरीही १९ जानेवारी १९५३ रोजी ल्युसीच्या बाळाच्या जन्माचा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. त्याच दिवशी तिच्या मुलाचा खराखुरा जन्म झाला.

त्याच वर्षी कारकीर्दच संपुष्टात येण्याचा प्रसंग ओढवला. आजोबांच्या समाधानासाठी १९३६ मध्ये तिने मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या नावाने नोंदणी केली होती. साम्यवादविरोधी चौकशांच्या त्या काळात अशा आरोपाने अनेक कलावंत देशोधडीला लागले. ल्युसिलने चौकशी समितीला सारे सांगून टाकले. प्रेक्षकही तिच्या पाठीशी राहिले.

१९६० मध्ये घटस्फोट झाला. दोन वर्षांनी देसीचा हिस्सा विकत घेऊन ती मोठ्या दूरचित्रवाणी स्टुडिओचे प्रमुखपद भूषविणारी पहिली महिला ठरली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ या मालिका १९६६ मध्ये तिच्याच स्टुडिओतून आल्या. पुढच्याच वर्षी तिने तो विकला, अभिनय मात्र सोडला नाही.

२६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ७७ व्या वर्षी तिचे निधन झाले. पडद्यावरच्या ल्युसीचे मनसुबे दर आठवड्याला धुळीस मिळत. ल्युसिलने मात्र हीच फजिती जपून ठेवली आणि तिच्या बळावर स्वतःचे साम्राज्य उभे केले.