मोरारजींचा एक विस्मृत निर्णय

मोरारजी देसाई यांचे नाव महाराष्ट्रात आजही प्रथम आठवते ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील गोळीबारामुळे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी दाखविलेला ताठरपणा मराठी माणूस विसरलेला नाही. तथापि त्याच ताठरपणाने पुढे एका मुक्या प्राण्याचे रक्षण केले, ही बाजू मात्र उपेक्षित राहिली आहे.

बलसाडनजीकच्या भदेली गावी २९ फेब्रुवारी १८९६ रोजी एका शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकून ते डेप्युटी कलेक्टर झाले आणि १९३० मध्ये सरकारी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. शाकाहार, दारूबंदी व निसर्गोपचार ही त्यांची व्रते होती. १९५८ मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले, तेव्हा देश परकीय चलनाच्या तीव्र टंचाईत सापडला होता.

याच दशकात पोलिओच्या लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर विषाणू वाढविले जात. त्यापायी भारतातून वर्षाकाठी लाखाच्या घरात ऱ्हीसस माकडे परदेशी जाऊ लागली. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली, तेव्हा ही निर्यात काही काळ थांबली. वैद्यकीय संशोधन व लसनिर्मिती यांखेरीज अन्य उपयोग होणार नाही, या हमीवर ती पुन्हा सुरू झाली.

अमेरिकेतील लष्करी प्रयोगांत माकडांवर किरणोत्सर्गाचा मारा होत असल्याचे पुढे उघड झाले. हा सरळसरळ वचनभंग होता. १९७७ मध्ये पंतप्रधान झालेल्या मोरारजींच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. डॉलरची किंमत ज्याने अर्थखात्यात अनुभवली होती, त्यानेच डॉलरवर पाणी सोडले.

या निर्णयावरील आक्षेप क्षुल्लक नव्हता. ज्या लशीने असंख्य मुलांचे पाय वाचविले, तिच्या संशोधनाचा कच्चा मालच तुटणार होता. निसर्गोपचारावर श्रद्धा असलेल्या मोरारजींना या आक्षेपाचे वजन पुरेसे जाणवले असेल काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. परंतु वस्तू मुबलक व स्वस्त असेपर्यंत काटकसर कोणी शिकत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम येथेही लागू पडला. परदेशांत पैदास केंद्रे वाढली, पर्यायी पेशींचा वापर वाढला आणि एकाच प्राण्याचे रक्त व ऊती अनेक संशोधकांनी वाटून घेण्याची पद्धत रूढ होत गेली.

शिवाय बंदी निर्यातीवर होती, विज्ञानावर नव्हती. १९९५ मध्ये मोरारजी मुंबईत निवर्तले. त्यानंतर पाव शतकाने, २०२० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने करोनावरील देशी लस २० ऱ्हीसस माकडांवर पारखली आणि त्यांच्या घशातील व फुप्फुसांतील नमुने तपासले.

परभणीकडचा शेतकरी हरभरा ओरबाडणाऱ्या वानराला हाकलतो, पण सहसा त्याच्या जिवावर उठत नाही. मोरारजींच्या निर्णयामागे ही भूतदया होतीच. पण दिलेला शब्द बलाढ्य राष्ट्रानेही पाळला पाहिजे, हा आग्रहही होता. प्राण्याचा जीव घ्यावाच लागला, तर ज्या कारणासाठी तो मागितला त्याच कारणी लागला पाहिजे. प्रयोगशाळांनी आजही स्वतःला लावून घ्यावी, अशी ही कसोटी आहे.