शेअर बाजाराचे पहिले शेठ : प्रेमचंद रायचंद

हल्ली आपल्या होस्टेलवर सव्वानऊ वाजता पहिल्या लेक्चरपेक्षा मार्केटची घाई जास्त असते. प्रत्येक मजल्यावर एक तरी ट्रेडर सापडतोच! सेबीने २०२४ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांमध्ये तर ७६ टक्क्यांना. हे आकडे वाचले आणि मला प्रेमचंद रायचंद आठवले.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेचा. लहानपणीच वडिलांबरोबर ते मुंबईत आले, इंग्रजी शिकले आणि विशीत दलाल झाले. विलायतेची आगबोट बंदराला लागायच्या आधीच ते होडीने माणसं पाठवून कापसाचे भाव काढून आणत, असं सांगतात. म्हणजे अभ्यास पक्का होता, नुसता तुक्का नव्हता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि रोज नवी कंपनी, नवी बँक निघू लागली. समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या वर गेला! सौदे बहुतेक वायद्याचे. आज बोली करायची, पैसे पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. आजच्या फ्युचर्सचे आजोबाच म्हणा ना! त्यात बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंदशेठ. बँक ऑफ बॉम्बेत कर्ज कोणाला द्यायचं, इथपर्यंत त्यांचा शब्द चाले.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. वायदे पुरे करायची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी देणेकरी सगळे, पैसे कोणाकडेच नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ वर आला. आपण इंजिनिअर, जरा गणित करू. निम्मं भांडवल गेलं तर मूळ जागी यायला दुप्पट व्हावं लागतं. इथे जवळजवळ ३३ पट व्हायला हवं होतं! तेही पैसा स्वतःचा असेल तर. उधारीचा असेल तर शेअर शून्यावर आला तरी देणं शिल्लकच राहतं. मेसचे पैसे लावणाऱ्यांनी हे गणित वहीत करून बघावं.

१८६६ मध्ये शेठचं दिवाळं निघालं. १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली, सरकारी चौकशीही झाली. काहीजण त्यांना नुसते नशिबाचे बळी ठरवतात, मला ते पटत नाही. त्यांच्या शब्दावर दिलेल्या कर्जात कितीतरी ठेवीदारांचे, भागधारकांचे पैसे बुडाले.

पण एक गोष्ट वाचली. तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये देऊन टाकले होते. बाजारातून बाहेर काढलेला तो पैसा मंदीच्या तावडीत सापडला नाही. पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरा आणि फोर्टातून ओव्हल मैदानाकडे चालत जा. २८० फुटी राजाबाई टॉवर दिसेल, १८७८ मध्ये पुरा झालेला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव.

शेठ काही खचून घरी बसले नाहीत. पुन्हा दलालीला लागले, पण आता बेताने. १९०६ मध्ये ते वारले, तोवर बाजारात त्यांची पत परत आली होती. ९ जुलै १८७५ रोजी वडाच्या झाडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी आपली संघटना बांधली, तिच्या संस्थापकांत ते होते. तीच पुढे बीएसई झाली. सभासद व्हायची फी तेव्हा होती फक्त एक रुपया.