अन्ना मणी : अचूक मापनाची साधना

जूनच्या अखेरीस सक्करदऱ्यातील आमचे वसतिगृह मुलांनी पुन्हा भरते, तेव्हा आर्द्रा नक्षत्र लागलेले असते. ज्या वर्षी पाऊस लांबतो, त्या वर्षी मुलांचे लक्ष पुस्तकात लागत नाही. घरी पेरणी खोळंबलेली असते. कधी टाकलेले बी मातीतच वाळून गेलेले असते. हवामानाचा अंदाज चुकला की आपण सारे हसतो. परंतु तो अंदाज ज्या मोजमापावर उभा असतो, ते खरे असावे यासाठी एका स्त्रीने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव अन्ना मणी. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि घरचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत त्या सातव्या. मुलांनी शिकून नाव मिळवावे आणि मुलींनी लग्न करून संसार करावा, अशी त्या घराची रीत होती. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याची कर्णभूषणे देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारून ब्रिटानिका विश्वकोश मागून घेतला. मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत यासाठी त्याच काळात वायकोम येथे सत्याग्रह चालू होता. त्या वातावरणाचा संस्कार त्यांच्यावर झाला आणि पुढे त्यांनी खादी स्वीकारली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ साली त्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. लहानपणी नाकारलेला हिरा तेथे अभ्यासाचा विषय म्हणून त्यांच्या हाती आला. हिरा आणि माणिक यांतून निघणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट टिपण्यासाठी छायाचित्राची काच पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. त्यामुळे कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

त्यानंतर त्यांनी डॉक्टरेटसाठी मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. एम.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट देण्यात आली नाही. वर्षानुवर्षांचे काम हाती असताना एका कागदाच्या अभावी दार बंद व्हावे, हे दुःख आमच्या अनेक विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अन्ना मणी मात्र तेथे थांबल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. भौतिकशास्त्रातच पुढे जाण्याची त्यांची इच्छा होती; परंतु उपलब्ध शिष्यवृत्ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासासाठी होती. त्यांनी तीच घेतली आणि तोच त्यांचा जन्माचा विषय झाला.

१९४८ साली त्या पुण्याच्या वेधशाळेत उपकरण विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करवले आणि देशातच त्यांचे उत्पादन सुरू केले. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा न केलेले बरे, अशी त्यांची धारणा होती.

या आग्रहाचे कारण समजून घेतले पाहिजे. देशभरातील केंद्रांवर एकाच वेळी तापमान, वायुदाब, वारा आणि आर्द्रता यांची नोंद होते. त्या नोंदी नकाशावर मांडल्या की कमी दाबाचा पट्टा कोठे आहे आणि कोठे सरकतो आहे, हे दिसते. तापमापी उन्हात ठेवली तर ती हवेचे तापमान सांगत नाही, स्वतःचेच सांगते. म्हणून ती झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पर्जन्यमापक झाडाखाली असेल तर पाऊस कमी भरतो. अशी एक चूक नकाशात शिरली की तिच्यावर बांधलेला अंदाजही बिघडतो, आणि त्याचे मोल शेवटी शेतकरी मोजतो.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. ज्या केंद्रांवरील नोंदी पुढे त्यांच्या ग्रंथांत आल्या, त्यांत आपले नागपूरही आहे. ओझोन मोजणारे उपकरण त्यांनी भारतात तयार करवले. विक्रम साराभाई यांच्या सांगण्यावरून थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभी केली. १९७६ साली भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. भारतातील सौर प्रारणावरील त्यांचे ग्रंथ १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झाले. सौर आणि पवनऊर्जेची कामे आखताना अभियंत्यांना त्यांच्या नोंदींचा आधार मिळाला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित राहिल्या, आणि डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही.

अन्ना मणी यांना घरच्या गरिबीशी झगडावे लागले नाही, हे आम्ही जाणतो. आमच्या मुलामुलींची वाट अधिक चढणीची आहे. तरीही ही विद्या त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी मिळवणाऱ्यास पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरणविज्ञानाचे पुढील शिक्षण घेता येते. आणि ज्यास तेथवर थांबवत नसेल, त्याने उघड्या जागी पर्जन्यमापक ठेवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. ज्या दिवशी मोजले नाही, त्या दिवशी मात्र जागा कोरी सोडावी. तेथे शून्य लिहू नये.