आधुनिक मूत्ररोगशास्त्राचे शिल्पकार डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग

मूत्रपिंड, मूत्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्या शल्यचिकित्सेला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. विशेष म्हणजे, ज्या शाखेचे ते प्रमुख झाले, तिचे कोणतेही खास शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते.

यंग यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७० रोजी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातून १८९४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झाले. तेथे १८९७ मध्ये ख्यातनाम शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी मूत्ररोग विभागाची धुरा त्यांच्यावर सोपवली. तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. आपल्याला या विषयाचे ज्ञान नसल्याचे त्यांनी सांगितले. मात्र ते शिकून घेता येईल, असा हॅल्स्टेड यांना विश्वास होता.

हा विश्वास यंग यांनी सार्थ ठरवला. ७ एप्रिल १९०४ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्यांनी केली. या ऐतिहासिक शस्त्रक्रियेत खुद्द हॅल्स्टेड त्यांचे सहायक होते. यंग यांच्या उपचारांनी बरे झालेले धनाढ्य उद्योजक जेम्स ब्यूकॅनन ब्रॅडी यांच्या देणगीतून १९१५ मध्ये ब्रॅडी मूत्ररोग संस्था सुरू झाली. १९१७ मध्ये यंग यांनी 'जर्नल ऑफ युरॉलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. घरोघरी जखमेवर लावले जाणारे मर्क्युरोक्रोम हे लाल औषधही १९१९ मध्ये त्यांनीच प्रचारात आणले. पाऱ्याचा अंश असल्याने पुढे त्याचा वापर कमी झाला.

यंग यांचे मोठे कार्य मात्र प्रशिक्षणाचे होते. ब्रॅडी संस्थेत तरुण डॉक्टर रुग्णालयात राहून अनेक वर्षे शिकत. आधी वरिष्ठांना साहाय्य, मग त्यांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया आणि अखेरीस स्वतंत्र जबाबदारी, असा तो क्रम होता. स्वतः यंग यांना जे चुकतमाकत शिकावे लागले, ते पुढच्या पिढीला शिस्तबद्धपणे मिळू लागले.

तरीही एक उणीव होती. वैद्यकीय परवाना असलेला कोणताही डॉक्टर स्वतःला मूत्ररोगतज्ज्ञ म्हणवू शकत असे आणि खरा तज्ज्ञ कोण, हे रुग्णाला कळण्यास मार्ग नव्हता. यासाठी १९३४ मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ युरॉलॉजी स्थापन झाले. विहित प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण करणाऱ्यांनाच मंडळ प्रमाणपत्र देते. परवान्यामुळे व्यवसायाची मुभा मिळते, तर प्रमाणपत्र त्या विषयातील तयारीची ग्वाही देते. भारतात शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर तीन वर्षांचा एमसीएच किंवा डीआरएनबी अभ्यासक्रम हीच गरज भागवतो.

२३ ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे डॉ. यंग यांचे निधन झाले. प्रशिक्षणाविना विभागप्रमुख झालेल्या या शल्यविशारदाने आपल्यामागे प्रशिक्षित तज्ज्ञांची मोठी परंपरा ठेवली.