ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल

परप्रांतात पन्नास वर्षे संस्था चालविणाऱ्या आम्हांस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे चरित्र जवळचे वाटते. १८८९ साली वूस्टर येथील नव्या क्लार्क विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी गॅसच्या अपघातात पत्नी व कन्या निवर्तल्या. देणगीदार क्लार्क यांनी हात आखडता घेतला. ही अडचण हॉल यांनी सहकाऱ्यांना मोकळेपणी सांगितली नाही; आमच्या मते हा त्यांचा मोठा दोष. १८९२ मध्ये अनेक नामवंत अध्यापक शिकागोस निघून गेले. मानसशास्त्र विभाग मात्र त्यांनी नेटाने राखला. १९०९ मध्ये विद्यापीठाच्या विसाव्या वर्धापनानिमित्त फ्रॉइड तेथे आले व जर्मन भाषेत पाच व्याख्याने देऊन गेले. १९२० साली, हॉल यांच्या निवृत्तीच्या वर्षी, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली फ्रान्सिस समनर हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले.