मुलांचा सखा : डॉन बॉस्को

तरुणांच्या मनात श्रद्धा रुजवावी कशी, हा प्रश्न माझ्यासारख्या शिकवण्याचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाला नेहमी पडतो. उपदेश केला तर मुले जांभया देतात. धाक घातला तर वरवर मान डोलावतात. मला याचे उत्तर इटलीतील एका शेतकऱ्याच्या मुलाच्या चरित्रात सापडले.

जोव्हानी बॉस्को यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी पिडमाँटमधील बेक्की या वाडीत झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले. आई मार्गारीताने काबाडकष्ट करून मुले वाढवली. सावत्र भावाचा शिक्षणाला विरोध. त्यामुळे कोवळ्या वयात परक्याच्या शेतावर राबावे लागले. पुढे पडेल ते काम करीत ते शिकले आणि 5 जून 1841 रोजी धर्मगुरू झाले. डॉन ही तिकडे धर्मगुरूंच्या नावामागे लावण्याची उपाधी.

त्या काळी पोटासाठी तुरिन शहरात आलेली खेड्यांतील मुले गवंड्यांच्या हाताखाली राबत. काही तर तुरुंगात पोचत. तुरुंगातील अशी मुले पाहून डॉन बॉस्कोंचे मन कळवळले. मुलांनी आपल्याकडे यावे अशी वाट न पाहता ते स्वतः त्यांच्यात मिसळले. लहानपणी शिकलेल्या जादू व कसरती कामी आल्या. रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि पोटभर खेळ असा क्रम सुरू झाला. कलकलाटाला कंटाळून लोक जागा सोडायला लावीत. अखेर 1846 साली वाल्दोक्को भागात एक पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी आई गाव सोडून तेथे आली आणि त्या पोरांचीही आई झाली. पुढे तेथेच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी यांचे वर्ग निघाले.

मला सर्वांत भावते ती मिकेले मागोने याची हकिगत. 1857 साली कार्मान्योला स्टेशनवर डॉन बॉस्कोंना हा उनाड टोळीचा म्होरक्या भेटला. इतर पोरे पळाली, हा मात्र उभा राहिला. त्याला त्यांनी वाल्दोक्कोला आणवले. पहिले काही आठवडे तो नुसता हुंदडला. मग एकाएकी गप्प व उदास झाला. डॉन बॉस्कोंनी त्याला जवळ बोलावले, मनसोक्त रडू दिले आणि कुमसाराची, म्हणजे पापांच्या कबुलीची, वाट सोपी करून दाखवली. त्या संध्याकाळी मुलाने आपण होऊन मन मोकळे केले. 1859 च्या जानेवारीत तो वारला. डॉन बॉस्कोंनी त्याचे चरित्र लिहून ठेवले.

1859 सालीच, डिसेंबरात, त्यांनी सालेशियन संघ स्थापला. त्यातले पहिले सभासद बहुतेक त्यांच्याच हाताखाली वाढलेले तरुण होते. 31 जानेवारी 1888 रोजी ते निवर्तले. 1934 साली चर्चने त्यांना संतपद दिले. त्यांचे अनुयायी 1906 साली तंजावरला आले. पुढे पणजीतही त्यांची शाळा निघाली.

मित्रहो, डॉन बॉस्कोंची पद्धत विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर उभी होती. मुलाची चूक होण्याआधी त्याच्याजवळ असावे, चूक झाल्यावर केवळ काठी घेऊन धावू नये, असा तिचा अर्थ. यात वेळ फार जातो. पण बी पेरून लगेच माती उकरून पाहणारा शेतकरी पीक घेत नाही, हे त्या शेतकऱ्याच्या मुलाला पक्के ठाऊक असावे, असे मला वाटते.