चौतिसाव्या वर्षी सोनं जिंकणारा गवंडी : क्लास थुन्बर्ग

बेळगावात कितीही कडाक्याची थंडी पडली तरी तळ्याचं पाणी काही गोठत नाही. त्यामुळे बर्फावरच्या शर्यती आपल्याला टीव्हीवरच दिसतात, त्याही चार वर्षांतून एकदा. या खेळातलं एक जुनं नाव मात्र माहीत असावं असं आहे. फिनलंडचा क्लास थुन्बर्ग.

जन्म ५ एप्रिल १८९३, हेलसिंकी. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. बहुसंख्य लोकांची भाषा फिनिश, थुन्बर्ग मात्र स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याकांतला. राज्य एकाचं, आजूबाजूची भाषा दुसरी आणि घरातली तिसरीच, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

धंदा गवंडीकामाचा. पोरवयात सिगारेट, दारू, उनाडक्या सगळं करून झालं होतं. स्केटिंग मनावर घेतलं तेव्हा वय अठराच्या आसपास, म्हणजे या खेळाच्या हिशेबानं उशीरच. पुढे पहिलं महायुद्ध आलं, १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९१८ मध्ये यादवी पेटली. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. युरोपियन विजेतेपद मिळालं १९२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला. इतर लोक बूट खुंटीला टांगायच्या विचारात असतात, त्या वयात याचं सुरू झालं. व्यसनं मात्र तोवर सुटली होती, शरीराला त्यानं शिस्त लावली होती.

आता शर्यतीबद्दल थोडं. स्पीड स्केटिंगमध्ये पायात लांब पात्याचे बूट असतात, कंबर वाकवून, हात पाठीशी घेऊन खेळाडू धावतो. एका वेळी दोघांनाच सोडतात. पण शेजारच्याला हरवलं म्हणजे पदक मिळालं असं नाही, सगळ्या जोड्या धावून झाल्यावर ज्याची वेळ सर्वांत कमी तो पहिला. म्हणजे झुंज घड्याळाशी. त्यात १५०० मीटर ही सगळ्यांत अवघड, असं माझं मत. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पावणेचार फेऱ्या. ५०० मीटरवाल्याचा वेग हवा आणि ५००० वाल्याचा दमही हवा. पहिल्या दोन फेऱ्यांत जोर संपवला तर शेवटच्या वळणावर मांड्या भरून येतात, आणि राखून ठेवला तर वेळ गेलेली असते.

जानेवारी १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीत हिवाळी खेळांचा आठवडा भरला. पहिलं हिवाळी ऑलिम्पिक ही मान्यता त्याला नंतर, १९२६ मध्ये मिळाली. पहिल्या दिवशी थुन्बर्गला ५०० मीटरमध्ये कांस्य मिळालं, तेही नॉर्वेच्या रोआल्ड लार्सनबरोबर विभागून. त्याच दिवशी ५००० मध्ये सुवर्ण. दुसऱ्या दिवशी १५०० मीटर, २ मिनिटं २०.८ सेकंद. लार्सन १.२ सेकंदांनी मागे, तिसरा सिगुर्ड मोएन तर जवळपास पाच सेकंदांनी. त्याच दिवशी १०,००० मीटरही होती. तिथे आपल्याच देशाच्या ज्युलियस स्कुट्नाबच्या मागे तीन सेकंदांनी त्याला रौप्य मिळालं. चारही शर्यतींच्या बेरजेचं सुवर्णही त्याचंच. दोन दिवसांत पाच पदकं!

चार वर्षांनी स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ. थुन्बर्ग चौतीस वर्षांचा आणि समोर नॉर्वेची तरुण पोरं, बर्न्ट एव्हन्सन, इव्हार बालांग्रुड, दहाबारा वर्षांनी लहान. ५०० मीटरमध्ये एव्हन्सन आणि थुन्बर्ग दोघांचीही वेळ ४३.४, सुवर्ण दोघांना. ५००० मध्ये मात्र तो पदकाच्या आसपासही नव्हता. वय दिसू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, १५०० मीटर. थुन्बर्ग २:२१.१, एव्हन्सन २:२१.९, बालांग्रुड २:२२.६. दीड सेकंदात तिघं, आणि पुन्हा म्हाताराच पहिला. त्या दिवशी ऊन असं तापलं की बर्फ वितळायला लागला आणि १०,००० मीटरची शर्यत मध्येच रद्द करावी लागली.

पुढची गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. १९३२ चं ऑलिम्पिक अमेरिकेत, लेक प्लॅसिडला होतं. तिथल्या यजमानांनी स्पीड स्केटिंग आपल्या पद्धतीनं घ्यायचं ठरवलं. सगळ्यांना एकत्र सोडायचं, जो आधी पोचेल तो जिंकला. त्यात धक्काबुक्की, कोणाच्या तरी मागे लपून शेवटी पुढे निघणं, हे आलंच. थुन्बर्गला ते मान्य नव्हतं. तो गेलाच नाही.

थकला होता म्हणून निमित्त शोधलं, असं कोणी म्हणेल. पण १९३१ मध्ये तो पाचव्यांदा जगज्जेता झाला होता, त्याच वर्षी ५०० मीटरचा विश्वविक्रम त्यानं ४२.६ वर आणला होता, आणि १९३२ च्या त्याच हिवाळ्यात युरोपियन विजेतेपदही त्याच्याकडेच गेलं. वय अडतीस. म्हणजे सोडलं ते हाताशी असलेलं सोडलं. लेक प्लॅसिडला चारही सुवर्णपदकं अमेरिकनांनी नेली. १५०० मीटरचं जॅक शे यानं. शे चांगला खेळाडू होता, त्यात वाद नाही. पण ती शर्यत वेगळी होती. ऑलिम्पिक संपल्यावर त्याच गावात जुन्या पद्धतीनं जागतिक स्पर्धा झाली, ती नॉर्वेच्या बालांग्रुडनं जिंकली. १९३६ पासून ऑलिम्पिकही पुन्हा जोडीच्या शर्यतीवर आलं.

थुन्बर्ग पुढे बांधकामाच्या धंद्यात राहिला. १९४५ ते १९४८ या काळात स्वीडिश भाषकांच्या पक्षातर्फे तो फिनलंडच्या संसदेत होता. २८ एप्रिल १९७३ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याचं निधन झालं.

पाच ऑलिम्पिक सुवर्णांची त्याची बरोबरी स्पीड स्केटिंगमध्ये पुरुषांत पहिल्यांदा केली ती अमेरिकेच्या एरिक हायडननं, १९८० मध्ये. एकाच ऑलिम्पिकमध्ये पाच, १५०० मीटर धरून. गाव होतं लेक प्लॅसिड, आणि या वेळी शर्यती दोघादोघांच्या, घड्याळावरच्या होत्या.